कचेरीचे चर्च, कसब्याचे चर्च

ठाण्याचा टेंभी नाका म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नवरात्रातला देवीचा मंडप उभा राहतो. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या त्या उत्सवाची रोषणाई, दर्शनाच्या रांगा आणि वाहतुकीचा खोळंबा यांपलीकडे वर्षाचे उरलेले दिवस हा नाका आपल्या ध्यानात राहतो तो सिव्हिल हॉस्पिटलाचा रस्ता म्हणून, किंवा रिक्षावाल्याला सांगायची एक सोयीची खूण म्हणून. परंतु ज्याला एखाद्या गावाचा इतिहास दफ्तरखान्यात न शिरता नुसता रस्त्यावरून वाचायचा असेल, त्याला ठाण्यात याहून चांगली जागा मिळणार नाही. कावसजी पटेलांच्या नावाने ओळखली जाणारी पारशांची अग्यारी १७८० ची. सेंट जेम्स हे इंग्रजांचे चर्च १८२५ चे. बेने इस्रायल समाजाचे शाआर हाशामाइम हे सिनेगॉग १८७९ चे. आणि ही सर्व एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. तेथून मासुंदा तलावाच्या दिशेने थोडे चालावे तर एका बाजूला कौपिनेश्वराचे देऊळ आणि दुसऱ्या बाजूला सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे कॅथलिकांचे जुने चर्च, ज्याचे मूळ थेट पोर्तुगीज अमदानीत जाते.

या लेखाचा मुख्य विषय सेंट जेम्स चर्च हा असला, तरी ते एकटे पाहून त्याचा अर्थ लागत नाही. ते उभे राहिले तेव्हा ठाण्यात ख्रिस्ती धर्म मुळीच नवा नव्हता. नवे होते ते सरकार. एकाच गावात, चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर, एकाच धर्माची दोन देवालये दोन निराळ्या राजवटींनी बांधली, आणि त्यांतले एक कसब्यातल्या विणकरांच्या वस्तीतून वाढले तर दुसरे कलेक्टर, न्यायाधीश आणि पलटणीच्या गरजेतून जन्मले, ही गोष्ट मला त्या इमारतींच्या कमानी-खांबांइतकीच महत्त्वाची वाटते. किंबहुना त्या कमानी-खांबांचे मर्म तिच्याशिवाय उलगडत नाही.

या किनाऱ्याशी ख्रिस्ती धर्माचा संबंध पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीचा आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी हिंदी महासागरातल्या बंदरांचे वर्णन करताना कल्लिआना येथे इराणात दीक्षा घेतलेला बिशप असल्याचे नोंदवतो, आणि हे कल्लिआना म्हणजे आपले खाडीकाठचे कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इराणातल्या या पूर्वेकडील पंथाला युरोपीय लोक नेस्टोरियन म्हणत. शिलाहारांच्या काळी श्रीस्थानक म्हणून नावाजलेल्या ठाणे बंदरात अरब, इराणी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या बरोबर याही पंथाची काही कुटुंबे येऊन राहिली होती. मार्को पोलोने ज्या ताना राज्याच्या व्यापाराचे आणि चाचेगिरीचे वर्णन केले आहे, ते हेच.

या कुटुंबांचा उल्लेख इतिहासात येतो तो एका दुःखद प्रसंगाने. १३२१ साली फ्रान्सिस्कन पंथाचे काही साधू होर्मुझहून केरळातल्या कोल्लमकडे निघाले होते, ते जहाज वाऱ्याने ठाण्याला लागले. तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि त्यांच्याबरोबर भाषा जाणणारा तिफ्लिसचा दिमित्री हे चौघे एका नेस्टोरियन घरात उतरले; त्यांचा सहप्रवासी जॉर्डानस हा दोमिनिकन साधू मात्र पुढे गुजरातेकडे गेला. या यजमानाच्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, मार खाल्लेली बायको काजीकडे फिर्याद घेऊन गेली, साक्षीदार कोण असे विचारल्यावर तिने घरातल्या परदेशी पाहुण्यांची नावे घेतली, आणि ज्या घरगुती तंट्याचा निकाल पंचायतीत लागायचा त्याचे रूपांतर धर्मवादात होऊन चौघांचेही प्राण गेले. पुढे जॉर्डानसाने त्यांचे अवशेष सोपाऱ्याला पुरले, आणि थोड्याच वर्षांत ओदोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन प्रवासी ते उकरून चीनपर्यंत घेऊन गेला. आपल्याला ही सर्व हकीकत सविस्तर कळते ती या ओदोरिकाच्याच प्रवासवर्णनातून. ती भक्ताने लिहिलेली असल्यामुळे तिच्यात अग्निदिव्यापासूनचे चमत्कार आहेत, आणि ते बाजूला ठेवूनच ती वाचली पाहिजे. परंतु तिच्यातले ते नवरा-बायकोचे भांडण मात्र कोणी मुद्दाम रचले असेल असे वाटत नाही. त्या चौघांतल्या एकाचे नाव जेम्स होते आणि पाचशे वर्षांनी टेंभी नाक्यावर उभ्या राहिलेल्या चर्चचेही नाव सेंट जेम्स पडले, यात योगायोगाखेरीज काही शोधू नये. अँग्लिकन लोकांनी हे नाव घेतले ते बायबलातल्या याकोबावरून.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने हुमायूनच्या भीतीने पोर्तुगिजांशी तह करून वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख त्यांना तोडून दिला, आणि त्याबरोबर साष्टी बेट व ठाणे हे गावही त्यांच्याकडे गेले. पोर्तुगीज कागदांत ठाण्याचा उल्लेख कसबा म्हणूनच येतो. मागील अमलातला महसुली शब्द त्यांनी जसाच्या तसा उचलला, आणि राज्यकारभाराच्या इतर कित्येक गोष्टींतही त्यांनी तेच केले. वसई ही उत्तर प्रांताची राजधानी झाली, फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्र्यांनी साष्टीत गावोगाव देवालये उभारली, आणि ठाण्याच्या वाट्याला आली ती मुख्यतः विणकरांची वस्ती. रेशमी आणि सुती कापडासाठी ठाणे आधीपासून प्रसिद्ध होते; या कारागिरांपैकी पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली, आणि माग मात्र तोच राहिला. १६९५ साली या मुलखातून गेलेला जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी ठाण्याची वाखाणणी करतो ती याच कापडासाठी. सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चची परंपरा या वस्तीची आहे. ज्यांची बोली मराठी, ज्यांचे आडनाव पोर्तुगीज, ज्यांच्या लग्नात हळद आणि देवळात लॅटिन, असा हा समाज. त्याने ईस्ट इंडियन हे नाव अधिकृतपणे धारण केले ते फार उशिरा, १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. १६५९ च्या सुमारास फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइस या पाद्र्याने उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांसाठी ओवीबद्ध मराठीत पुराण रचले, यावरूनच त्या समाजाच्या कानाला कोणता छंद गोड लागत होता हे दिसते.

पोर्तुगीज काळातली ही देवालये बांधली कशी जात, हे समजून घ्यायचे तर वसईच्या किल्ल्यात जावे, कारण तेथे छपरे गेल्यामुळे भिंतीचा पोटभाग उघडा पडला आहे. या पद्धतीचे चर्च म्हणजे मुळात एक लांबट, उंच, बिनखांबांचा सभामंडप. त्याच्या टोकाला, बहुधा एका मोठ्या कमानीपलीकडे, अरुंद आणि कधी दगडी घुमटीने आच्छादलेला गाभारा. सभामंडपावर सागवानी तुळयांचे उतरते छप्पर आणि त्यावर कौले. आणि प्रवेशद्वाराच्या माथ्यावर आतल्या बाजूने गायकांसाठी लाकडी माडी. मधे खांब न घेण्याचे कारण असे की या धर्मोपदेशकांना सर्व मंडळींची नजर एकाच जागी, वेदीमागच्या कोरीव, सोनेरी मुलामा दिलेल्या लाकडी मखरावर खिळवायची होती. भिंती बांधल्या जात त्या ओबडधोबड काळ्या दगडाच्या आणि शिंपले भाजून केलेल्या चुन्याच्या. घडीव दगड वापरत तो फक्त कोपऱ्यांना, चौकटींना, कमानींना आणि दर्शनी भागाला. छपराचा भार आणि कोकणचा पाऊस दोन्ही सोसायचे असल्यामुळे भिंतींची जाडी भरपूर ठेवावी लागे आणि खिडक्या उंचावर व लहान. त्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपांचे तुकडे लाकडी जाळीत बसवीत, ज्यातून उजेड झिरपे पण ऊन आत येत नसे.

दर्शनी भाग हे या वास्तूंचे खरे वैभव. वसईतल्या जेझुइटांच्या चर्चचा, ज्याची स्थापना १५४९ ची, दर्शनी भाग अजून बराचसा उभा आहे: दोन्ही बाजूंना पन्हळी खांबांच्या जोड्या, मधे अर्धवर्तुळाकार कमानीचे दार, आणि येशूच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली जेझुइट मुद्रा. रोमन पद्धतीचे हे खांब कोरणारे हात मात्र येथल्याच पाथरवटांचे असले पाहिजेत, आणि मला तरी तेथल्या पानाफुलांच्या नक्षीत कोकणच्या देवळांच्या चौकटी आठवल्यावाचून राहत नाहीत. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये नजर वर न नेता खाली वळवावी. तेथली फरसबंदी म्हणजे थडग्यांच्या शिळाच आहेत. प्रत्येकीवर पोर्तुगीज भाषेतला लेख, काहींवर ढालीत कोरलेले कुळाचे चिन्ह, आणि कित्येक अक्षरे शतकानुशतके पायांखाली येऊन इतकी गुळगुळीत झालेली की बोटाने चाचपल्याखेरीज लागत नाहीत. ज्यांनी देवालयाला देणगी दिली त्यांना मेल्यावर त्याच्या जमिनीत जागा मिळे, आणि पुढच्या पिढ्या त्यांच्यावर गुडघे टेकून प्रार्थना करीत. या भागातल्या दगडाची कीर्ती एवढी होती की जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागासाठी घडीव काळा दगड वसईहून जहाजाने नेण्यात आला. गोव्याचा जांभा सच्छिद्र, त्यावर बारीक काम टिकत नाही.

ठाण्याची पोर्तुगीज अमदानी संपली १७३७ मध्ये, जेव्हा चिमाजी आप्पांच्या फौजेने साष्टीत उतरून ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला घेतला; वसई पडली त्यानंतर दोन वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात. या मोहिमेतून मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा आजही देशावरच्या देवळांत टांगलेल्या दिसतात: भीमाशंकरला १७२९ ची, नाशिकला नारोशंकराच्या देवळात १७२१ ची, आणि वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर, १७०७ ची. मेणवलीची घंटा जरूर जवळून पाहावी. दगडी मंडपीत टांगलेल्या त्या पंचधातूच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि सनाचा आकडा स्पष्ट आहेत, आणि तिच्याखालून कृष्णेवर आंघोळीला जाणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटल्याचे ऐकिवात नाही. विजयाची निशाणी म्हणून त्या आणल्या हे खरेच. पण चांगल्या ओतकामाची मोठी घंटा त्या काळी सहजासहजी मिळणारी वस्तू नव्हती, आणि देवाच्या दाराशी नाद व्हायचा तो चांगल्या धातूचा व्हावा एवढा व्यवहार मराठ्यांना कळत होता.

घंटा गेल्या, तरी माणसे गेली नाहीत. वसई पडल्यावर झालेल्या तहात ख्रिस्ती प्रजेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक राखलेली होती. युरोपीय जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पाद्री निघून गेल्यावर गोव्यात शिकून तयार झालेल्या देशी पाद्र्यांनी साष्टीतल्या मंडळ्या सांभाळल्या, आणि माझ्या मते या चर्चच्या इतिहासातला हाच सर्वांत महत्त्वाचा कालखंड आहे, जरी त्याच्यावर सर्वांत कमी लिहिले जाते. राजाश्रय सुटल्यावर जे देवालय उभे राहते ते त्याच्या भक्तांच्या बळावर. आंकेतील द्यु पेरों हा फ्रेंच पंडित, ज्याने पुढे पारशांचा अवेस्ता युरोपला प्रथम भाषांतरून दिला, तो १७६० च्या अखेरीस कान्हेरीची लेणी पाहण्यासाठी साष्टीत आला होता. ठाण्यात मराठ्यांच्या अमलाखाली ख्रिस्ती लोक उघडपणे सण साजरा करीत आहेत, देशी पाद्री उपासना चालवीत आहेत आणि मिरवणूक भर रस्त्यातून जात आहे, हे पाहून त्याला जे आश्चर्य वाटले ते त्याने लिहून ठेवले आहे. त्याच सुमारास मासुंद्याच्या काठी सुभेदार रामाजी महादेव बिवलकर कौपिनेश्वराचा जीर्णोद्धार करीत होते. ते काम १७६० चेच.

इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला १७७४ च्या डिसेंबरात, २८ तारखेला, आणि त्या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी कमोडोर वॉटसन प्राणांतिक जखमी झाला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. मुंबई बेटाला धान्य, लाकूड आणि दगड पुरवणारा हा मुलूख हाती आल्यावर कंपनीने ठाण्याला कचेरी बसवली, पलटण ठेवली, न्यायाधीश नेमला, आणि किल्ल्याचा उपयोग कैदी ठेवण्यासाठी होऊ लागला. पेशवाईच्या उतरणीच्या काळात, गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून पकडलेले त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यात होते आणि १८१६ च्या सप्टेंबरात येथूनच ते निसटले. १८१७ च्या पुणे तहाने उत्तर कोकणचा उरलेला भागही कंपनीला मिळाला, ठाण्याच्या कचेरीचा अधिकार एकदम विस्तारला, आणि गोऱ्या अंमलदारांची संख्या जशी वाढली तशी त्यांना रविवारच्या उपासनेसाठी स्वतंत्र जागेची निकड भासू लागली. जवळच कॅथलिक चर्च होते, हे खरे. परंतु अँग्लिकन कलेक्टराने तेथे जाऊन गुडघे टेकणे ही गोष्ट त्या काळी कल्पनेतही बसणारी नव्हती.

येथे एका तांत्रिक गोष्टीचा खुलासा करणे अवश्य आहे. अँग्लिकन पंथात चर्चची इमारत पुरी झाली म्हणून ते चर्च होत नाही. बिशपाने येऊन ते विधिपूर्वक समर्पित करावे लागते. स्थानिक मंडळींच्या वतीने बिशपाला रीतसर अर्ज वाचून दाखवतात, बिशप मिरवणुकीने दारापासून वेदीपर्यंत जातो, आणि ही जागा यापुढे लौकिक उपयोगातून कायमची वेगळी काढली आहे असा निवाडा जाहीर करून त्यावर सही करतो. तो कागद मग दफ्तरी दाखल होतो. जमिनीच्या सनदेसारखाच हा प्रकार आहे, आणि कंपनी सरकारच्या काळात तर तो दोन्ही अर्थांनी सरकारी होता, कारण १८१३ च्या सनदेने कलकत्त्याला एक बिशप आणि तिन्ही इलाख्यांना एकेक आर्चडीकन नेमून त्यांचे पगार हिंदुस्थानच्या महसुलातून देण्याची तरतूद झाली होती. अख्ख्या हिंदुस्थानाला बिशप एकच, आणि तोही कलकत्त्याला. तेव्हा पश्चिमेकडच्या चर्चना तो दौऱ्यावर येईपर्यंत वाट पाहणे भाग होते. मुंबईचे सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी उघडले, पण त्याचा समर्पणविधी झाला पहिला बिशप मिडलटन मुंबईस आला तेव्हा, म्हणजे १८१६ साली. मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला १८३७ मध्ये.

ठाण्याचे दैव त्या मानाने बलवत्तर. चर्च बांधून होत आले आणि १८२५ मध्ये बिशप रेजिनल्ड हेबर मुंबई इलाख्याच्या दौऱ्यावर येऊन ठेपले. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे पाहुणे म्हणून ते राहिले, घारापुरी आणि कार्ल्याची लेणी त्यांनी पाहिली, भर पावसाळ्यात घाट चढून पुण्यास जाऊन तेथल्या सेंट मेरी चर्चचे समर्पण केले, आणि परत आल्यावर ठाण्याच्या सेंट जेम्सचे. हेबर हे विद्वान, कवी आणि उत्तम प्रवासवर्णनकार होते. त्यांच्या रोजनिशीत ठाणे येते ते मुख्यतः रोमन कॅथलिकांनी भरलेले एक नीटनेटके, भरभराटीचे गाव म्हणून, जेथली डुकरे आणि त्यांचे खारवलेले मांस यांची ख्याती होती. येथल्या ख्रिस्ती लोकांविषयी लिहिताना त्यांच्या स्वरात जो थोडा वरचढपणा डोकावतो तो त्यांच्या काळाचा आणि पंथाचा आहे. पण त्रिंबकजींच्या पलायनाची हकीकत त्यांनी ज्या रसिकतेने टिपली आहे तिला तोड नाही. किल्ल्यावर पहारा गोऱ्या शिपायांचा ठेवलेला, अशासाठी की कैद्याला कोणाशी बोलता येऊ नये. एका मराठी मोतद्दाराने तेथल्या अंमलदाराकडे चाकरी धरली, आणि तो रोज कैद्याच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता मोठ्याने गाणे म्हणे. पहारेकऱ्यांना ते निव्वळ गाणे. आत बसलेल्याला त्यातून घोडा कोठे आणि माणसे कोठे हे कळत होते. हेबर यांना या गोष्टीत इतका रस वाटण्याचे कारण उघड आहे: आदल्या वर्षीच, गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात, पुन्हा पकडलेल्या त्रिंबकजींना त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. पुढच्याच वर्षी, १८२६ च्या एप्रिलात, हेबर त्रिचनापल्लीस स्नानकुंडात मृत्यू पावले.

कंपनीच्या काळातल्या अशा चर्चची घडण पोर्तुगीज देवालयांहून मुळातच निराळी असे. तिचा आदर्श लंडनमधला: जेम्स गिब्ज याने १७२६ मध्ये पुरे केलेले सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स. ग्रीक देवळासारखा खांबांचा दर्शनी मंडप आणि त्याच्या मागून वर निघालेला उंच मनोरा, अशी ती जोडणी; १७२८ साली गिब्जने आपल्या नकाशांचे पुस्तकच छापून काढल्यामुळे वसाहतींतल्या ज्या लष्करी इंजिनियरांनी जन्मात कधी चर्च बांधले नव्हते त्यांनाही ते पुस्तक उघडून काम चालवता येई. कलकत्त्याचे सेंट जॉन्स आणि मद्रासचे सेंट अँड्र्यूज ही त्याच वंशातली. जिल्ह्याच्या ठाण्याला एवढा खर्च परवडणारा नसल्याने तेथे हाच आराखडा आटोपशीर होई. खरा भेद आतल्या मांडणीत. प्रॉटेस्टंट उपासनेचे केंद्र बायबलचे वाचन आणि प्रवचन हे असल्यामुळे प्रत्येकाला पाद्री दिसला आणि ऐकू आला पाहिजे, हे वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने घालून दिलेले सूत्र इंजिनियर पाळीत. म्हणून खिडक्या मोठ्या, भिंती पांढऱ्या, मूर्ती आणि सोनेरी मखर नाही, आणि वेदीच्या जागी साधे मेज. येथल्या हवेसाठी रुंद व्हरांडा, पालखी किंवा गाडी पावसात न भिजता लागावी म्हणून पुढे छपरी, आणि आत दोरीने ओढायचे पंखे, ही भर हिंदुस्थानातली. बसण्याच्या जागाही हुद्द्याप्रमाणे ठरत.

हीच इंग्रज मंडळी पुढच्या पिढीत गिब्जच्या शैलीला नाके मुरडू लागली. इंग्लंडात १८४० नंतर असा मतप्रवाह बळावला की ग्रीक खांब हे मूर्तिपूजकांचे आणि खरे ख्रिस्ती चर्च म्हणजे टोकदार कमानींचे गॉथिकच. मुंबईत त्याचे फळ कुलाब्याचे अफगाण चर्च, जे हेन्री कॉनीबेअर यांच्या आराखड्याने बांधून १८५८ मध्ये समर्पित झाले. सेंट जेम्स या वादाच्या आधीचे आहे. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून आगगाडी ठाण्यास आली आणि सारे महत्त्व मुंबईकडे ओढले गेले, तेव्हा ठाण्यात नवे, भपकेदार चर्च बांधण्याची कोणाला गरजच उरली नाही. जुने टिकले त्याचे श्रेय मी बऱ्याच अंशी या दुर्लक्षाला देतो.

या चर्चच्या मालकीचा पुढचा प्रवास कायद्याच्या पोथीत आहे. १९२७ च्या इंडियन चर्च अ‍ॅक्टने हिंदुस्थानातल्या अँग्लिकन चर्चची इंग्लंडच्या राजसत्तेशी बांधलेली गाठ सोडवली, १९३० मध्ये ती प्रत्यक्ष सुटली, सरकारी तिजोरीतून पाद्र्यांना पगार देण्याची वहिवाट स्वातंत्र्याबरोबर संपली, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्याच्या छत्राखाली सेंट जेम्स आले. कचेरीसाठी बांधलेले चर्च कचेरीवाचून चालवायचे हा प्रश्न त्याच्यापुढे तेव्हा उभा राहिला. मासुंद्याकाठच्या चर्चने तो १७३९ नंतरच सोडवला होता.

आता या इमारतींना धोका आहे तो वेगळ्या दिशेचा. चुन्यात बांधलेली जाड भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला आणि वर तैलरंग दिला की ओल आत कोंडते, दगडांमधला चुना भुसभुशीत होतो, तुळयांची भिंतीत रोवलेली टोके कुजतात, आणि पाच-सात वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे निघू लागल्यावर दुरुस्ती म्हणून पुन्हा सिमेंटच थापले जाते. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलचे काम याच्या उलट, मूळ सामग्री ओळखून आणि जपून केले गेले, आणि २००४ साली त्याला युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. चुना भिजवून मुरवण्यात दिवसच्या दिवस जातात, तो घोटून लावणारा गवंडी आता शोधून आणावा लागतो, आणि त्याची मजुरी सिमेंटच्या कामाहून जास्त पडते. कौपिनेश्वर असो, अग्यारी असो की सेंट जेम्स, चुन्याच्या जुन्या भिंतीला दुसरा इलाज नाही.